सोळा तास एका जागी

प्रवासात तहान मारायची सवय मला तीस वर्षांची, आणि तिचा मला गर्व होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी दुसऱ्यांवर चिडणार आहे, तेव्हा हिने स्वतःची चूक झाकली असं कुणी म्हणायला नको.

मी मास्तरीण होते. डोईफोडियाच्याही पुढे जंगलाला लागून असलेल्या एका गावात माझी शाळा होती. बऱ्हाणपूरहून सकाळची पहिली बस धरायची आणि दुपार कलल्यावर परत यायचं. शाळेत बायकांसाठी संडास नव्हता, निदान पहिली कितीतरी वर्षं नव्हता. मग सकाळी अर्धा कप चहा, आणि घरी परत येईपर्यंत तोंडाला पाणी नाही. मे महिन्यात बसच्या खिडकीतून झळा यायच्या, जीभ टाळूला चिकटायची, पण मी बाटली सोबत ठेवत नसे. बाटली असली की मोह होतो. नवीन आलेल्या मास्तरणींनाही मी हेच शिकवायचे. आमच्याकडच्या बायकांना यात नवल वाटत नाही. लग्नाला जायचं असो की इच्छापूरला देवीच्या दर्शनाला, निघताना एक घोट घ्यायचा आणि बाकीचं घरी आल्यावर. ज्या बाईला वाटेत दोनदा उतरावं लागतं, तिला सगळ्या हसतात.

माझी एकुलती एक मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली. तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. मी तेव्हा गेले नाही. परीक्षा होत्या, व्हिसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीर नव्हता. नंतर फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, त्या खोलीत मला फक्त कुणाचा तरी हात पाहिजे होता." तिने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी निवृत्त झाले होते. मी तिला शब्द दिला की या वेळी मी त्या खोलीत असेन, काही झालं तरी असेन.

आता जाऊबाईंबद्दल सांगते. आमचं घर बऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात आहे. खाली दोघा भावांचं कापडाचं दुकान आणि वर दोन बिऱ्हाडं. चुली वेगळ्या, पण संध्याकाळचा चहा आम्ही दोघी एकत्रच घ्यायचो. जाऊबाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना जीजी म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला मांडे करता येत नव्हते, हातावरून घसरून फाटायचे. त्यांनी फाटलेले मांडे गुपचूप स्वतःच्या ताटात घेतले आणि मला शिकवलं. मला नोकरी करू द्या म्हणून सासूबाईंपुढे उभ्या राहिल्या त्या एकट्याच. मी बसमध्ये असायचे तेव्हा माझ्या मुलीची वेणी त्या घालायच्या, तिला जेवू त्या घालायच्या. माझ्या मुलीला अर्ध्याहून जास्त त्यांनीच वाढवलं, हे मी आजही नाकारत नाही.

दोन वर्षांपूर्वी जाऊबाई त्यांच्या मुलाकडे अमेरिकेला जाऊन आल्या. जायच्या होत्या तीन महिन्यांसाठी, राहिल्या पाच महिने. मुलगा येऊच देत नव्हता म्हणाल्या. परत आल्या तेव्हा गल्लीतल्या बायका आठवडाभर वर येत होत्या. जाऊबाई दराबा, आमच्या बऱ्हाणपूरची खास मिठाई, वाटीत घालून समोर ठेवायच्या आणि सांगायच्या, "सोळा तास. बसली ते सीधी उतरली. एकदाही उठली नाही, आणि पानी पूर्ण रस्त्यात दोन घोट." बायका निर्जळी एकादशी केलेल्या बाईकडे पाहावं तशा त्यांच्याकडे पाहायच्या. मीही पाहिलं. त्यानंतर गल्लीतलं कुणीही विमानात बसणार असलं की सल्ल्याला आमच्याच घरी येई. आमच्याकडच्या बायका एवढ्या लांबच्या विमानात बसतात ते बहुतेक बाळंतपणासाठीच, त्यामुळे येणाऱ्या सगळ्या आयाच असायच्या. जाऊबाईंना त्या दिवसांत नवीन तेज आलं होतं. मी त्यांना चिडवायचे, की मी तीस वर्षं शाळेत घालवली आणि मास्तरीण तुम्ही झालात.

माझी बॅग त्यांनीच भरली. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, मुलीला आवडतो म्हणून दराबा. मी पाण्याची रिकामी बाटली ठेवली होती, कुणीतरी सांगितलं होतं की आत गेल्यावर भरून घेता येते. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली.

"पानी कशाले? तिथला संडास तू पाह्यला नाहीस, दरवाजा कसा उघडतो तेच समजत नाही. खिडकीची जागा घे, पट्टा बांध, शाल ओढ, डोळे मीट. उठायचं बिल्कुल नाही."

मी मान डोलावली. मला यात शिकण्यासारखं काही नव्हतंच. हे तर मला आधीपासून येत होतं.

मुंबईहून विमान सुटलं. माझ्या शेजारी दोन तरुण बसले होते, दोघंही अंगावर पांघरूण घेऊन तासाभरात झोपले. हवाई सुंदरी दर थोड्या वेळाने पाण्याचे पेले घेऊन यायची आणि जेवणाबरोबरचे दोन घोट सोडले तर मी दर वेळी हसून नको म्हणायचे. घसा सुकला, ओठ फुटले, मग नेहमीप्रमाणे तहान मेली. पाय जड झाले. बूट काढले तर पुन्हा चढणार नाहीत, म्हणून शेवटपर्यंत काढलेच नाहीत. मांडीला मांडी लावून बसले होते, तशीच बसून राहिले. मधल्या वाटेने एक म्हातारी गोरी बाई कॅनव्हासचे बूट घालून सारखी येरझारा घालत होती. मागे जाऊन पंजांवर उभी राहायची, खाली यायची, पुन्हा वर. मला तिचं हसू आलं. वर्गात अशी मुलं असायची, ज्यांना पाच मिनिटं बूड टेकवता येत नाही. मी त्यांना बाकावर उभं करायचे. त्या बाईलाही करावंसं वाटलं. सोळा तासांनी उतरले तेव्हा मीसुद्धा मनात म्हणाले, बसले ते सरळ उतरले.

दुसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. प्रवासाचा शीण म्हणून मी तेल चोळलं, चांगलं दाबून चोळलं. पोटरी गरम लागत होती आणि उजव्या पायापेक्षा जाड दिसत होती. मुलीला सांगितलं नाही. तिचे दिवस भरत आले होते, तिच्या डोक्याला ताप कशाला. तिसऱ्या दिवशी तिच्या घराचा जिना चढताना मला श्वास पुरेना. आठव्या पायरीवर बसले. जावई समजूतदार आहे, त्याने प्रश्न विचारले नाहीत, सरळ गाडीत घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोनवर हिंदी दुभाषा लावला. पोटरीत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसापर्यंत गेला होता. दुभाषा विचारू लागला. विमानात किती वेळा उठलात? मी म्हणाले, एकदाही नाही. पाणी किती प्यालात? दोन घोट. मी हे थोड्या अभिमानानेच सांगितलं, याची मला आता लाज वाटते. डॉक्टरीणबाईंनी दुभाष्याकरवी शांतपणे समजावलं, की पाय इतके तास लोंबते आणि गप्प राहिले की त्यांतलं रक्त साचतं. पाणी कमी पडलं तर आणखी वाईट, आणि माझ्या वयाला तर फारच. दर तासाला उठायचं होतं. उठता आलं नाही तर बसल्या जागी घोटे फिरवायचे होते. एवढंच करायचं होतं.

रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. आणि मी तिथे असतानाच, दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलीला कळा सुरू झाल्या. तिचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. माझ्या नाकात नळी, हातात सुई. मी नर्सला म्हणाले मला सोडा, हिंदीत म्हणाले, मराठीत म्हणाले, मोडक्या इंग्रजीत म्हणाले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत आडवं केलं. दुपारी जावयाने फोन लावून बाळ दाखवलं. मुलगी झाली होती. माझ्या लेकीचे केस कपाळाला चिकटले होते. ती म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" मी हो म्हणाले. मग फोन ठेवल्यावर तोंडावर चादर घेतली आणि रडले. दुसऱ्यांदाही मी त्या खोलीत नव्हते.

दोन दिवसांनी जाऊबाईंच्या मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या राज्यात राहतो. भला मुलगा आहे, लहानपणी माझ्याकडेच पाढे शिकला. माझी तब्येत विचारली, औषधांची नावं विचारली आणि मग मला धीर द्यायला म्हणाला, "काकी, टेन्शन नका घेऊ. मम्मीला पण सेम हेच झालं होतं ना. नऊ दिवस ॲडमिट होती. आता बघा, एकदम ठीक आहे."

मी विचारलं, कधी?

तो म्हणाला, "इकडे आली होती तेव्हाच. बताया नहीं क्या उन्होंने?"

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. उतरल्यावर चौथ्या दिवशी पाय सुजला, तेव्हा गाठ सापडली. परतीची तारीख आली तेव्हा डॉक्टरांनी आणखी दोन महिने विमानात बसू दिलं नाही, म्हणून मुक्काम लांबला. घरी कुणी लांबच्या प्रवासाला निघालं तर नक्की सांगा, असं त्यानेच आईला बजावलं होतं. तो माझी माफी मागायला लागला. त्याची काय चूक, मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पहिल्यांदा मला वाटलं, त्या विसरल्या असतील. माणसाला वाटतं तसं. पण नऊ दिवस कुणी विसरत नाही. माझी बाटली बॅगेतून काढणारा तो हात मला दिसायला लागला. तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. त्यांचा स्वतःचा पाय त्यांना माहीत होता, मी कशासाठी निघाले होते ते माहीत होतं, मी मुलीला दिलेला शब्द माहीत होता, कारण तो मी त्यांच्यासमोरच दिला होता. आणि ज्या मुलीची वेणी त्यांनी घातली, तिच्याचकडे मी निघाले होते. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. मला शिवीसुद्धा देता येईना.

त्या रोज फोन करायच्या. रडायच्या, काळजी घे म्हणायच्या, देवीला नारळ बोलले म्हणायच्या. त्यांच्या मुलाने त्यांना काही कळवलं नव्हतं, माझ्यावर सोडलं होतं. मी रोज वाट पाहायचे, की आज तरी म्हणतील. तीन आठवडे मी ऐकलं. एकदाही म्हणाल्या नाहीत. मला आजाराचा जेवढा राग आला नाही, तेवढा त्या फोनांचा आला.

अडीच महिन्यांनी परत आले. येताना डॉक्टरांनी दिलेले घट्ट लांब मोजे घातले, वाटेकडची जागा मागून घेतली, दर तासाला उठून मागच्या पडद्यापर्यंत गेले आणि पंजांवर उभी राहिले. हवाई सुंदरीला हाक मारून पाणी मागितलं. संडासाचा दरवाजा मधोमध ढकलला की आत दुमडतो, त्यात काही शास्त्र नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जाऊबाई गच्चीवर गहू निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "जीजी, तुम्हालाही झालं होतं."

काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं नाही. सुपातले दोन खडे वेचून टाकले. "कोणी सांगितलं? त्यानेच ना. त्याच्या पोटात काही राहत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पहिले लाजेनं नाही सांगितलं. जन्मात कधी दवाखाना पाह्यला नव्हता मी, तुले माहीत आहे. आल्यावर सगळ्या विचारू लागल्या, मी चांगलंच सांगितलं. मग रोज तेच. तू निघाली तोवर इतक्या जणींना सांगून बसली होती. आता काय म्हणू, की नऊ दिवस नळ्या लावून पडली होती? आणि मले वाटलं, सगळ्यांना थोडीच होते."

मी म्हणाले, मला झालं. त्या रडायला लागल्या. माझे हात धरले, गल्लीत सांगू नको म्हणाल्या. मी एकच अट घातली. पुढची जी बाई विचारायला येईल तिला तुम्ही स्वतः खरं सांगा, मी तोंड उघडणार नाही. त्यांनी इच्छादेवीची आण घेतली. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांची सवय, मी पुन्हा विश्वास ठेवला.

महिन्याभरात समोरच्या घरची बाई आली. तिची मुलगी कॅनडात, सातवा महिना. वही-पेन घेऊन आली होती. चहा झाला. जाऊबाईंनी लोणचं कसं बांधायचं ते सांगितलं, उशी मानेशी कशी धरायची ते सांगितलं. उतरताना कानाला दडे बसले की लिमलेटची गोळी चघळ म्हणाल्या, तेही बरोबरच. मग म्हणाल्या, "पानी बेतानं पी. आणि जागेवरून उठू नको."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. शेजारीण वहीतून मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "पण यांना तिकडे काही झालं होतं ना?"

"तिचे पाय आधीपासूनच कमजोर," जाऊबाई म्हणाल्या. "शाळेत उभी राहून राहून. माझं पाहा, मले तर काहीच झालं नाही."

माझे पाय कमजोर नाहीत. त्या पायांवर मी तीस वर्षं बस धरली. पण मी पायांसाठी बोलले नाही. त्या बाईची मुलगी सातव्या महिन्यात होती. मी सगळं सांगितलं, माझं सांगितलं आणि मग जाऊबाईंचेही नऊ दिवस सांगितले. वाटेकडची जागा घे, पाणी मागून पी, लाज सोड, दर तासाला ऊठ, जायच्या आधी डॉक्टरला पाय दाखव आणि मोज्यांचं विचार. वर्गात सांगायचे तसं दोनदा सांगितलं. शेजारीण घाबरून लिहून घेत होती. जाऊबाईंनी कप खाली ठेवला आणि आत निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत घरात निकाल लागला. घरभेदी मी ठरले. मोठे दीर दुकानात माझ्या मिस्टरांशी बोलले, आणि मिस्टर वर येऊन मला म्हणाले की घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची गरज नव्हती. तिला एकटीला गाठून सांगता आलं असतं, वहिनींचं नाव कशाला घ्यायचं. वहिनींनी आपली पोर वाढवली. मी म्हणाले, मला माहीत आहे, म्हणूनच तर जास्त लागतं. ते म्हणाले, तुझं बोलणं नेहमी तिखट. गल्लीतही तेच झालं. ज्या बायका दोन वर्षं खोटा सल्ला ऐकत होत्या, त्या मला पाहून गप्प व्हायला लागल्या. जाऊबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. चहा दोन्हीकडे वेगवेगळा होऊ लागला. मी एकटीने कपभर चहा करायला शिकले आणि तो मला कधी गोड लागला नाही.

दोन महिन्यांनी शेजारणीचा फोन आला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. पोचली होती, पाय ठीक होते, आणि आदल्या दिवशी मुलगी बाळंत झाली होती. "मी आत होते पूर्ण वेळ," ती म्हणत होती. "तिने माझा हात सोडलाच नाही, दाबून दाबून निळा केला." मी अभिनंदन केलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला नाही. माझ्या हातात ओला टॉवेल होता, तो मी उगाचच परत पिळला.

मागे जाऊबाई पापडांवरचं धोतर सारखं करत उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं, तरी त्यांनी विचारलं. दोन महिन्यांतले पहिले शब्द.

"आत होती का ती? शेवटपर्यंत?"

"होती," मी म्हणाले. "हात धरून होती."

त्या तिथेच पापडांशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत त्या रडल्या की मी जवळ जायचे, मी रडले की त्या यायच्या. मी गेले नाही.